आतून पोकळ

प्रिय लिहायचा हक्क आता तुझ्या बायकोचा, म्हणून नुसतंच 'तुला'.

तुमचं झाड पडून बाबांच्या शिवणखोलीचं छप्पर गेलं. बाबा म्हणाले, "घरात कायदा शिकलेली तूच, लिही अर्ज." झाड पोकळ असल्याचं मालकाला आधीच ठाऊक होतं, एवढं दाखवलं की भरपाई मागता येते.

तुझी बायको कुंपणापाशी म्हणाली, "आम्हाला कुठे ठाऊक होतं, काका?"

त्या 'आम्हाला'नं माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तुझ्या लग्नाआधी खोडावर बोटं वाजवून तूच मला म्हणाला होतास, "आतून पोकळ आहे, इथे बसत जाऊ नकोस." ते तू तिला सांगितलंच नाहीस, म्हणून दिवसभर मी सुखात होते.

अर्जात लिहिलं, तर तिलाही कळेल. एरवी खऱ्यासाठी भांडणारी मी; बाबा ताडपत्रीखाली शिवतायत आणि माझ्याच्यानं ते एक वाक्य लिहवत नाही.

तुझी आता नुसतीच
शेजारीण