बोटांवर मोजलेले महिने

माय, तू पिंजायचीस तसा कापूस आता मिळत नाही, गुंडाळ्या विकत येतात. तरी अपुऱ्या दिवसांचं बाळ आलं की मी तो आधी शेगडीजवळ ऊन करते, हाताच्या पाठीला लावून बघते आणि मगच बाळाभोवती गुंडाळते. नव्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हे कुठल्या पुस्तकातलं? मी म्हटलं, माझ्या आईच्या. तुला अक्षर येत नव्हतं, हे सांगितलं नाही.

लकडगंजचं ते बाळ तुला आठवत असेल. तू दाई होतीस त्याच दवाखान्यात मी तेव्हा नर्सचं काम शिकायला नुकतीच आले होते. बाळ टोपलीत, दोन्ही अंगांना फडक्यात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या. त्याची आजी दारात उभी होती. सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही, असं आपल्याकडे सगळेच धरून चालतात. तिनं तेच विचारलं, "कितवा होता वं बाई?"

"सातवा," तू म्हणालीस.

मी कागद बघितला होता. "नाही, आठवा लागलाय," मी म्हटलं.

आजीनं लगेच पदर खोचला. "मंग काहून छळून राहिल्या त्याले? द्या इकडं. घरी नेतो."

घरी नेलं असतं तर कोपऱ्यात ठेवून सगळ्यांनी नुसती वाट बघितली असती. तू मान वर केली नाहीस. बाटली बदलत म्हणालीस, "माझीच पोरगी हाय ते. चार बुकं शिकली, पण बोटावर महिने मोजता येत नाही तिले."

खोलीतल्या बाळंतिणी हसल्या. झाडूवाली हसली. आजीही हसली, "शिकल्यानं असंच होते वं!" आणि बाळ राहिलं. त्या बाळाच्या आईचे महिने तूच मोजले होतेस, माय. आठवा होता हे तुला माझ्याआधी ठाऊक होतं.

मग एकवीस दिवस. दर दोन तासांनी आईचं दूध ड्रॉपरनं, थेंब थेंब. बाळाचे तळवे तू आपल्या गालाला लावायचीस आणि गार लागले की बाटलीकडे हात करायचीस. मी पाणी तापवायला धावायचे. तेव्हाच्या डॉक्टरीणबाई मला म्हणायच्या, मला काय विचारतेस, ती काय करते ते बघ. बाळाला घरी नेताना आजी सगळ्यांना सांगत होती, "सातव्याचं होतं, म्हणून वाचलं." तू बाळाचं टोपडं नीट करत म्हणालीस, "तं काय वं माय." तुझ्या हातांचं नाव कुणी काढलं नाही, आणि तूही काढू दिलं नाहीस. एवढी मोठी बाई मी नंतर पाहिली नाही.

परवा एका आजीनं मला तेच विचारलं. मी तिच्यासमोर बोटांवर मोजलं आणि एक महिना कमी मोजला. बाळ आत आहे. आज सकाळी तळवे गरम लागले.

हा कागद घडी करून कापसाच्या डब्याच्या तळाशी ठेवते. सगळ्या मला हसल्या त्या दिवशी घरी जाताना तू विचारलंस, "राग आला का वं?" मी नाही म्हटलं. आला होता, माय. परवापर्यंत होता.