दुनळीचा गंज काढताना

बाबा,

तुमची दुनळी बंदूक आता माझ्या नावावर आहे. परवान्याचं काम आटोपून ती अमरावतीच्या घरी आणली, तेव्हा दोन्ही नळ्यांवर तांबूस गंज चढला होता. परतवाड्याच्या ज्या मिस्त्रींकडे तुम्ही ती दुरुस्तीला न्यायचात, ते आता थकलेत, पण फोनवर त्यांनी बजावलं, "बेटी, रेजमाल मत लगाना, सँडपेपर बिलकूल नको. तेल सोड, आणि बारीक तारेच्या घासणीनं हलक्या हातानं घास."

आज सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरून मी बसले. आधी नळ्या उघडून पाहिल्या, रिकाम्या होत्या. तेल तांबडं होऊन निघत होतं, खालचं निळसर लोखंड दिसू लागलं होतं, आणि मला फार बरं वाटत होतं. शेवटी खांद्याला टेकवायच्या लाकडी कुंद्याच्या टोकाची लोखंडी पट्टी राहिली. तिचे स्क्रू काढले, तर आतल्या पोकळीत चिंधीत गुंडाळलेलं एक काडतूस. पितळी बुडावरचा हिरवा थर पुसला. मधोमध, बार पेटवणाऱ्या टोपीवर, खोल खळगा.

मिस्त्रींना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन आला.

"घोडा तो गिरा था, बेटी. बार झाला नाही, एवढंच. ते खाली ठेव, हात लावू नको. माझा जावई येऊन नेईल."

चिंधीत चिठ्ठी होती, तुमच्या अक्षरातली. "बागेतून आल्यावर काढायचं राहून गेलं. चूक माझी."

चिठ्ठी पुन्हा वाचली, आणि तो दिवस समोर उभा राहिला.

मी नऊ वर्षांची आहे, भाऊ पाच. शेंदूरजनाघाटच्या संत्र्याच्या बागेतून रानडुकरं हाकलून तुम्ही आलात, बंदूक खाटेवर ठेवून हातपाय धुवायला मागे गेलात. मी ती कशीबशी उचलते. भाऊ दोन्ही हात वर करून हसतोय. टक् असा आवाज होतो. "मेलो!" म्हणून तो खोटं खोटं पडतो. आणि दारात तुम्ही.

"बंदुकीले हात कावून लावला?"

तुमची थप्पड इतकी जोरात बसली की कान दिवसभर वाजत होता. त्यानंतर तुम्ही बंदूक कधीच बाहेर काढली नाहीत. मी मात्र ती थप्पड जपून ठेवली. अकोल्याच्या दवाखान्यात, तुमच्या शेवटच्या आजारात, पेज भरवता भरवता म्हणालेसुद्धा, "एवढ्याशा खेळासाठी केवढं मारलं होतं तुम्ही मला." तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवलंत. मला वाटलं, अजून राग आहे.

दुपारी भावाचा फोन आला. "चमकली का नाई बंदूक, ताई?" तोंडात घास होता त्याच्या. मागे त्याच्या दोघी पोरी भांडत होत्या. "ऐकून राहिली ना?" तो विचारत होता, आणि मी नुसती त्याचं चावणं ऐकत होते. त्याला काहीच सांगितलं नाही. सांगू शकेन असं वाटतही नाही.

तुम्हाला मात्र एक सांगायचं आहे. मारून झाल्यावर तुम्ही माझ्यासमोर उकिडवे बसला होतात. "चाप ओढला काय तू? खरं सांग मले." मी नाही म्हणाले. मग तुम्ही बंदूक आत नेऊन उघडली असणार, आणि तरी पुन्हा कधी विचारलं नाहीत.

ओढला होता, बाबा.