गप्प बसणारा व्हिडिओ

आर्णी

मारोतराव,

सलाम आणि नमस्कार, दोन्ही घ्या. बाभुळगाव मानवलं असेल. सूनबाई बिनमिठाचं जेवायला घालतात असं कळलं. रक्तदाब उतरला असेल. चिडचिड किती उरली ते लिहा. मी बरा आहे (तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो).

निवृत्तीनंतर अरबी शिकवायला समोर कोणी उरलं नाही. म्हणून पुतणीने स्टँडवर मोबाईल लावून दिला आणि ती नागपूरला निघून गेली. आता मी व्हिडिओतून अरबी अलंकार आणि काव्याचा आस्वाद शिकवतो. (आपल्या शाळेत मराठीच्या वर्गात तुम्ही शिकवायचात तेच उपमा-रूपक, फक्त उंटावर बसलेले.) अडचण जुन्या सवयीची झाली. प्रश्न विचारला की मी तिसऱ्या बाकाकडे पाहत उत्तरासाठी थांबतो. व्हिडिओतही थांबलो. पूर्ण दोन मिनिटं. खाली एकाने लिहिलं, सर, नेट गेलं का? दुसऱ्याने तब्येतीची चौकशी केली.

समोर माणूस हवा, म्हणून पुढच्या पाठाला मानीबाईंना बसवलं (पोळ्या करायला येतात त्या), माझी बायको शमीम वारल्यापासून रिकाम्या असलेल्या खुर्चीवर. जुने अरबी कवी उठून गेलेल्या मुक्कामापाशी उंट थांबवतात आणि चुलीच्या दगडांना विचारतात, इथली माणसं कुठं गेली? मी म्हटलं, दगड बोलत नाहीत हे कवीला ठाऊक आहे, मग तो विचारतो कशाला? आणि थांबलो. मानीबाई माझ्याकडे पाहतात, मी मानीबाईंकडे. शेवटी त्या म्हणाल्या, "मले काहून इचारता गुरुजी? घरात दुसरं कोनी नसन, तं मानूस दगडालेच इचारन नं. तुमी नाई का त्या मोबाईलले इचारून राह्यले? माही कनिक वाळून राह्यली तिकडं." आणि उठून गेल्या.

पुढचं मी विसरलो. व्हिडिओ तसाच टाकला. आजवर सत्तावीस वेळा पाहिला गेला. त्यातल्या पंधरा वेळा मीच.

तुमचा,
रफीउद्दीन काझी

ता. क. काल सूनबाईंचा फोन आला होता. काळजीत होत्या. बाबा मोबाईलसमोर एकटेच बोलतात, डॉक्टरांना दाखवू का? काय बोलतात, म्हणून विचारलं. म्हणाल्या, तुमचा व्हिडिओ गप्प झाला की उत्तरं देतात.

आणखी एक. तुम्हाला अरबीतला अलिफ येत नाही, तेव्हा उत्तरं चुकलेलीच असणार. पण मला ती इथं ऐकू येत नाहीत. सकाळच्या गाडीने या. खुर्ची मांडलेली आहे. घरात मीठही आहे.