जरा फलाट द्या इकडे

जहाजावरून,
६ जानेवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

निघताना तू धक्क्यावरून रुमाल हलवत होतीस, तो मला अगदी शेवटपर्यंत दिसला. की मधेच एखादा पांढरा पक्षी आला आणि मी त्यालाच तुझा रुमाल समजत राहिले, कोण जाणे. इथे सगळंच तसं आहे. दुपारी पाणी आणि आभाळ यांच्यामधली रेघ पुसली जाते. मग आपण चाललोय, की आपण जागच्या जागी आहोत आणि खालून समुद्रच चाललाय, हे कळेनासं होतं.

खोली लहान, पण नेटकी आहे. पलंगाच्या पायाशी गोल खिडकी आहे. सकाळी छतावर पाण्याच्या उजेडाची जाळी हलत असते आणि हे जागे झाल्यावरही ती बघत पडून राहतात. तिकिटं काढली तेव्हा कसे धडधाकट होते! जन्मभर स्टेशनच्या कर्ण्यातून इतरांच्या गाड्या सांगितल्या, स्वतः कधी गाव सोडलं नाही. म्हणून निवृत्त झाल्यावर हा लांबचा प्रवास ठरवला, आणि ठरवल्यावर तो झटका आला. हात-पाय परत आले. शब्दही आले म्हणा, पण भलत्याच फलाटावर लागले. मीठ म्हणजे ‘फलाट’, चष्मा म्हणजे ‘सिग्नल’, आणि मी म्हणजे ‘सूचना’. तुला पाठच आहे हे सगळं.

आता तुझा सल्ला हवा आहे. जहाजावर जेवायच्या दोन जागा आहेत. खाली मोठी खानावळ, तिथे गोल टेबलाभोवती सात-आठ माणसं, नशिबात येतील ती. आणि वर, जास्तीचे पैसे भरणाऱ्यांसाठी, काचेच्या भिंतींचं लहानसं भोजनगृह. तिथे दोघांचंच टेबल, आपला ठरलेला वाढपी, आणि ताटात डोकावणारं कोणी नाही. कंटाळा आला तर तेच जेवण खोलीत आणून देतात. आमची खोली त्याच मजल्यावर, म्हणून सुरुवातीला काही दिवस चवीपुरतं फुकट दिलं आहे. खोल्यांचं बघणारी बाई म्हणाली की तिसरं बंदर सुटायच्या आत हो की नाही ते सांगा, मग सगळ्या प्रवासात बदल करता येणार नाही.

पहिल्या दिवशी आम्ही खालीच गेलो होतो. ह्यांनी शेजारच्या बाईंकडे फलाट मागितला. त्या हसल्या नाहीत गं, हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मलाच विचारलं की ह्यांना काय हवंय. मग सूप आणखी हवं का, पाव मऊ आहे ना, सगळं मलाच. हे मधे बसलेले, जणू माझ्या मांडीवरचं पोर. दुसऱ्या दिवसापासून आम्ही वर जेवतो.

वर आल्या आल्या ह्यांनी काचेवर तळवा टेकवला, सगळीकडे बघितलं आणि म्हणाले, ‘डबा’. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. इतकी वर्षं मी स्टेशनवर डबा पाठवत होते, त्याची आठवण झाली ह्यांना! मला तर हाच कौल वाटतो. तरी तू काय म्हणतेस ते लिही. पुढच्या बंदरावरच्या कचेरीत पत्र मिळेल.

तुझ्या शिलाई मशीनला आणि तुला, दोघींनाही दमाने घ्यायला सांगणारी,
तुझी ताई

घरून,
१५ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दुकानातच उघडलं. समोर एका गिऱ्हाइकाचा कोट उसवून पडला होता, तो तसाच ठेवला. छतावरच्या उजेडाच्या जाळीचं वाचलं आणि वर बघितलं, तर आमच्या छताला कोळ्याची जाळी. ज्याचं त्याचं नशीब.

तुझी झाडं ठीक आहेत. एक सुकलं, पण ते तू निघायच्या आधीच रुसलं होतं, माझ्यावर ढकलू नकोस. तुझ्या गच्चीवर शेजारचं मांजर ऊन खात पसरतं. मी गेले की असं बघतं, जणू भाडं मी द्यायचं आहे.

वरच्या जेवणाचं म्हणशील, तर खुशाल घे. इतकी वर्षं तू दुसऱ्यांना वाढलंस, आता तुला कोणी वाढलं तर समुद्र काही आटणार नाही. आणि ‘सूचना’ म्हणतात म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. चष्म्याला सिग्नल म्हणणं ही चूक झाली. तुला सूचना म्हणण्यात मला तरी चूक दिसत नाही. स्वेटर घाला, पाणी प्या, तिकडे वाकू नका. झटका यायच्या आधी भावोजी भिडस्त होते, एवढाच फरक.

फक्त एक विचारते. तू टेबलाचं लिहिलंस, काचेचं लिहिलंस, वाढप्याचं लिहिलंस. भावोजी जेवतात का, ते नाही लिहिलंस.

माया पातळ होऊ देऊ नकोस, बाकी समुद्रात काय ते पातळच.
तुझी धाकटी

दुसऱ्या बंदरावरून,
२४ जानेवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र इथल्या कचेरीत मिळालं. कचेरीतल्या माणसाने ते मला देताना नुसतंच स्मित केलं. पाकिटावर तू ‘सूचनाबाई’ असं लिहिलं आहेस, ते मी नंतर बघितलं. शोभतं का तुला, या वयात?

वरचं भोजनगृह फार सुंदर आहे. तिन्ही बाजूंनी काच आहे, त्यामुळे संध्याकाळी आपण एखाद्या दिव्याच्या आत बसून तरंगतो आहोत असं वाटतं. पाणी आधी जांभळं होतं, मग राखाडी, मग काच नुसती आरसा होते आणि समुद्राच्या जागी आपणच आपल्याला दिसतो. दोन खुर्च्या, दोन पेले, आपण दोघं. कुणाचा आवाज नाही. वाढपी इतका हळू चालतो की बशी आपली आपण आली असं वाटावं. कधी कधी मला वाटतं की हे सगळं मी झोपेत बघते आहे आणि आता घरातलं दूध उतू जाईल.

तू विचारलंस म्हणून लिहिते. नाही जेवत गं. अर्धं ताट परत जातं. मासा नको म्हणून बटाटे मागवले, बटाटे नको म्हणून फळं कापून आणवली. वाढपी बिचारा रोज नवं काही सुचवतो. हे मान हलवतात, बसतात, काचेवर तळवा ठेवतात आणि म्हणतात, ‘डबा’. मी हसून विचारते की आवडला का डबा. हे माझ्याकडे बघत राहतात.

आणि आता फक्त तेवढंच म्हणतात. फलाट नाही, सिग्नल नाही, परवापासून सूचनासुद्धा नाही. मागावंच लागत नाही ना काही. मीठ समोर, चष्मा मी आधीच पुसून ठेवलेला. डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं की बोलणं चारचौघांत राहूनच परत येतं, नाहीतर उरलेलंही जातं. पण चारचौघांनी ह्यांच्याकडे त्या बाईंसारखं बघितलं तर? ते बघणं मला झेपत नाही. काल जेवून निघालो, तर हे जिन्यात थांबले. खालच्या खानावळीतून ताटा-वाट्यांचा आणि हसण्याचा आवाज वर येत होता. कठड्याला धरून ऐकत उभे राहिले, घरी खिडकीशी पाऊस ऐकत थांबायचे तसे. मी शाल घालून आत नेलं.

तिसऱ्या बंदरावर उत्तर द्यायचं आहे. मी बहुतेक हो सांगेन. इथे ते निदान सुरक्षित आहेत.

लोभाची आठवण करून द्यावी लागत नाही, पण करते,
ताई

घरून,
२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी तीन वेळा उसवलं आणि पुन्हा शिवलं. शिवण दिसेल कुठेकुठे, चालवून घे.

तुझी पाठ धरली होती तो महिना आठव. तू अंथरुणात, आणि डबा पोहोचवायचं काम माझ्याकडे. तू एकदाही ती घोषणेची खोली बघितली नाहीस, मी बघितली आहे. जिना चढून वर एवढीशी खोली, तिन्ही बाजूंनी काच. आत एक खुर्ची, एक टेबल, कर्ण्याचं बटण. खाली सगळा फलाट दिसायचा. बाकांवर माणसं पुड्या सोडून जेवत असायची, एकमेकांना घास द्यायची, अनोळखी माणसाकडे मीठ मागायची. भावोजी ते बघत बघत तुझा डबा खायचे. आवाज बाहेर जायचा तो बटण दाबलं तरच, आणि तोही गाडीचा.

मी एकदा सहज म्हटलं की काय राजासारखे बसता हो. तर ते हसले. म्हणाले की साऱ्या स्टेशनाला माझा आवाज ओळखू येतो, पण शेजारी बसून जेवलेलं कोणी नाही. मग म्हणाले की डबा उत्तम असतो, ताईला यातलं काही बोलू नकोस, ती मनापासून बांधते. मी नाही बोलले. तेव्हा ते साधं बोलणं वाटलं होतं, सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

काल तुझं पत्र वाचताना काचेपाशी आले आणि हातातली सुई थांबली. ताई, ते तुझ्या डब्याची आठवण काढत नसावेत. मला वाटतं, आपण कुठे बसलोय ते सांगतायत.

माझं चुकतही असेल. मी कोट बेतते, माणसं नाही. पण मागच्या पत्रात मी खुशाल घे म्हटलं होतं, ते परत घेते. खाली कोणी वेडंवाकडं बघेल, हे खरं. काचेमुळे ते बघणं थांबेल, पण कोणाला दिसायचं थांबेल, त्यांना की तुला, एवढं विचार करून बघ. रागावलीस तर राग पत्रातूनच पाठव, साठवून घरी आणू नकोस.

मांजराने तुझ्या खुर्चीवर कब्जा केला आहे. मी विरोध केला, हरले.

धाक तुझाच आणि मायाही तुझीच मानणारी,
धाकटी

जहाजावरून,
१४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

रागावले होते. तुझं पत्र मी बंदरावर दोर बांधायच्या लोखंडी खुंटावर बसून वाचलं आणि तिथेच तुझ्यावर भरपूर रागावले. इतकी वर्षं ह्यांचा डबा मी बांधला आणि त्याचा अर्थ तू मला सांगणार! हे शेजारी उभे राहून बोटींवर चढणारी-उतरणारी माणसं बघत होते. कोणी हात केला की हेही हात करायचे. ओळख ना पाळख. मी बघत राहिले आणि माझा राग कुठे गेला ते कळलं नाही. दोर सोडल्यावर होडी जशी आपोआप लांब जाते, तसा गेला.

खोल्यांच्या बाईला मी नको म्हणून सांगितलं. तिला नवल वाटलं, वरच्या जेवणात काही उणं होतं का म्हणून विचारत होती. मी म्हटलं की काही उणं नव्हतं, माणसंच तेवढी कमी होती.

खाली टेबल नशिबाने मिळतं, ते लिहिलंच होतं. आमच्या नशिबी एक म्हातारे दाताचे डॉक्टर, सारख्या भांडणाऱ्या दोघी जावा, आणि एक नवं जोडपं, ते एकमेकांशीही बोलत नाही. मी ह्यांच्या शेजारी ताठ बसले होते. सूप आलं. ह्यांनी चाखलं, तोंड वाकडं केलं आणि डॉक्टरांकडे वळून फलाट मागितला.

मी तोंड उघडलं. आणि मिटलं. धाकटे, मी आयुष्यात इतकं जड काही उचललं नसेल, जितकं ते तोंड मिटून धरलं. टेबलाखाली हातरुमालाची पार दोरी झाली. डॉक्टर बुचकळ्यात पडले, पण माझ्याकडे बघायला विसरले. त्यांनी मिरपूड पुढे केली. ह्यांनी मान हलवली. चमचा दिला, नाही. पाव दिला, नाही. मोठ्या जावेने पाण्याचा जग सरकवला, धाकटीने मुद्दाम तो मागे ओढून लोण्याची बशी सरकवली. शेवटी त्या न बोलणाऱ्या नव्या नवरीने मिठाची बाटली उचलली, आणि हे दोन्ही हात वर करून इतक्या मोठ्याने ‘आली!’ म्हणाले, की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. तोच आवाज गं. कर्ण्यातला. सगळे हसले, आणि सगळ्यांत जास्त हे हसले.

दुसऱ्या दिवशी धाकट्या जावेने मोठीला ऐटीत सांगितलं की जरा फलाट द्या इकडे. आता आमच्या टेबलावर मिठाला मीठ म्हणतच नाहीत. डॉक्टर चष्मा शोधताना माझा सिग्नल कुठे पडला विचारतात. हे रोज नवा शब्द आणतात आणि तो कशाचा हे ओळखण्यावरून जावांची नव्याने भांडणं लागतात. मधे दोन खरे शब्दही येऊन गेले, ‘पाव’ आणि ‘गरम’. मी गाजावाजा केला नाही. ताट मात्र रोज रिकामं होतं.

सगळं गोड आहे असं समजू नकोस. पलीकडच्या टेबलावरचे एक गृहस्थ अजून माझ्याकडेच बघून ह्यांची चौकशी करतात. मग मी माझ्या सूपात बघते आणि ते उत्तर ह्यांच्यावर सोडते. कधी येतं, कधी येत नाही.

परवा ह्यांनी सगळ्यांना माझी ओळख करून दिली. खांद्यावर हात ठेवून, अगदी अभिमानाने, की ही माझी सूचना. मी लाजून अर्धी झाले. मोठी जाऊ म्हणाली की एक आमच्याही घरी आहे, सासूबाई. तू तिथे असतीस तर हसून खुर्चीवरून पडली असतीस.

जेवणानंतर आम्ही डेकवर फिरतो. तिथून वरचं भोजनगृह दिसतं. आमचं जुनं टेबल अजून रिकामं आहे. दोन पेले उलटे ठेवलेले, आणि काचेत संथ हलणारं पाणी. हे एकदा थांबले, त्याच्याकडे बोट केलं, ‘डबा’ म्हणाले आणि माझा हात धरून पुढे निघाले.

हे पत्र लिहिताना ह्यांना विचारलं की धाकटीला काय कळवू. पाण्याकडे वळले. मग सावकाश, एकेक शब्द नीट उच्चारून म्हणाले, ‘गाडी वेळेवर आहे.’

याचा अर्थ काय, ते मी लावत बसलेले नाही. जसं सांगितलं तसं पाठवते आहे.

तुझीच,
सूचना