बुगडीच्या गळ्यातला फोन

पुणे, दि. ९ जून २०२४

ती. आबांस,
शिवकन्येचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

फोनवर तुम्ही तीन वाक्यांत गुंडाळता, म्हणून आपलं पत्रच बरं. तुमचं मागचं पोचलं. अक्षर केवढं मोठं काढायला लागलात! पानभर जेमतेम आठ ओळी, त्याही उताराला लागलेल्या. नांदूरघाटात कागद फुकट वाटतात की काय?

एक पार्सल येईल, त्यात नवा फोन आहे. रागावू नका. तुमच्या बटणाच्या फोनला अकरा वर्षं झाली, त्याचं झाकण रबरानं बांधलेलं आहे. नव्या फोनवर मला तुमचं तोंड दिसेल. दवाखान्यात दिवसभर परक्यांचे चेहरे बघते, घरचा एकही दिसत नाही, याचं फार वाईट वाटतं. शेजारचे सोमनाथदादा सिम घालून देतील.

आईला नमस्कार, शेळ्यांना चुचकारणं. माया आहेच, तिच्यात खंड पडू देऊ नका.

तुमची
शिवकन्या


नांदूरघाट, दि. २३ जून २०२४

चि. शिवकन्या हिस अनेक आशीर्वाद.

आम्ही खुशाल, शेळ्याही खुशाल. फोन पोचला. नुसती गुळगुळीत काच, कुठं दाबलं ते बोटाला कळत नाही. माझ्या फोनला पाचाच्या बटणावर टिंब आहे. त्यावर अंगठा टेकला की बाकीचे आकडे जागच्या जागी सापडतात. चार्जिंग आठवडाभर पुरतं. दोनदा हौदात पडला, दोन्ही वेळा उन्हात वाळवला अन् बोलायला लागला. चालतंय ते कावून बदलायचं? तुझी आई म्हणते, माणूस बी तसाच हाय, जुना अन् हट्टी.

पण तुझा फोन मी वाया घालवलेला नाही. आपली बुगडी कळपाच्या पुढं पळते अन् ओढ्यातल्या बाभळीत शिरते. ती चालती असली की घंटी वाजते, उभी राहिली की गप्प. म्हणून तुझा फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिच्या गळ्यात बांधलाय. माझ्या फोनवरून लावायचा, की बुगडी वाजते. मग आवाजाच्या रोखानं जायचं. तुझ्या फोनचा आवाज लई मोठा, त्या बाबतीत नाव ठेवायला जागा नाही. सोमनाथ हसून हसून खाली बसला. हसू दे.

जेवण वेळेवर करत जा. आठवण धरून असावं.

तुझा
आबा


पुणे, दि. ७ जुलै २०२४

ती. आबांस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

हे पत्र मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिते आहे, म्हणजे तुम्हाला एकट्याला वाचता येईल.

तुमचं पत्र वाचून मी इतकी हसले की वॉर्डातल्या सगळ्यांना सांगावं लागलं. काल गंमत म्हणून बुगडीलाच व्हिडिओ कॉल लावला. एखाद्या करडाचं नाक लागलं असेल, फोन उचलला गेला. आधी आभाळ दिसलं, मग बाभळीच्या फांद्या, मग शेळ्यांचे पाय. बुगडी उभी राहिली आणि तेवढ्यात तुम्ही आलात.

तुम्ही इतके जवळ आलात की सदऱ्याचं तुटलेलं बटण मला दिसलं. तुम्ही बुगडीला हाक मारत होता. ती समोर उभी होती, हात लांब केला असता तर शिंगाला लागला असता. आणि तुम्ही काठीनं पुढची जमीन चाचपत भलतीकडे वळलात. मी हाक मारणार होते, पण दचकून पडाल म्हणून थांबले. तुम्ही खिशातून जुना फोन काढलेला दिसला, तेव्हा मी माझा कॉल तोडला, म्हणजे तुमचा लागेल. नंतर किती वेळ रडत बसले होते.

मोठं अक्षर, घसरलेल्या ओळी, पाचावरचं टिंब. नर्स असून मला कळलं नाही, आबा. बहुतेक मोतीबिंदू असेल, तो निघतो. तुमचा फोन खुशाल ठेवा, मी पुन्हा बदला म्हणणार नाही. डोळे तेवढे इथं येऊन दाखवा.

माझ्यावर जीव आहे ना, मग नाही म्हणू नका.

तुमची
शिवकन्या


नांदूरघाट, दि. १५ जुलै २०२४

चि. शिवकन्या हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र झाडाखाली बसून वाचलं. एक पान वाचायला दुपार गेली.

खरं सांगतो, मला भ्याव वाटलं. तुझ्या आईला कळलं तर ती शेळ्या विकील अन् मला ओसरीवर बसवील, असं वाटायचं. लहानपणापासून शेळ्यांमागं हिंडलेला माणूस मी, बसून काय करू? अन् ऑपरेशन फसलं तर आहे ते धुरकटही जायचं. चालतंय ते कावून बदलायचं, हे मी फोनबद्दल लिहिलं होतं. पण मनात डोळेच होते, पोरी.

काल तुझ्या आईला सांगून टाकलं. ती चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, मला संक्रांतीपासनं ठाव हाय. रोज सरपणाला म्हणून निघायची, ती माझ्याच मागं अंतर ठेवून चालायची. मी कुठं पडू नये म्हणून. मला एवढी वर्षं वाटत होतं, मीच लई हुशार.

शेळ्या विकायच्या न्हाईत, मी हिंडवते, तुमी जावा, असं तिनं बजावलंय. पुढच्या सोमवारच्या गाडीनं येतो. फाट्यावर सोमनाथ बसवून देईल, पुण्याच्या स्टँडवर तू उभी राहा.

मी घाबरलोय हे कुणाला सांगू नकोस. सांभाळून घे.

तुझा
आबा


नांदूरघाट, दि. २२ सप्टेंबर २०२४

चि. शिवकन्या हिस अनेक आशीर्वाद.

दुसऱ्या डोळ्याचे थेंबही कालच संपले. या पत्राच्या ओळी बघ, एकही घसरलेली नाही. तुझी आई म्हातारी झालेली दिसली. तसं तिला म्हणालो, तर दोन दिवस बोलली नाही.

एक गोष्ट तिथं बोललो नाही, आता लिहितो. पट्टी काढल्यावर पहिली तू दिसलीस, अन् मग तुझ्या हातातला फोन. आरपार तडकलेला, वरून चिकटपट्टी लावलेली. विचारलं, तर म्हणालीस, चालतंय की आबा. मला नवा घेऊन दिलास अन् स्वतः तसल्या काचेत बोट कापून घेत होतीस. अंगठ्यावरची खूण मी बघितली. ही खोड माझ्याकडून गेली तुझ्यात.

सोमनाथ परवा पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर बुगडीचा फोन पाठवतो. पुसून दिलाय, तरी शेळीचा वास चार दिवस येईल. वापरायला घे, तुझा तो टाकून दे. हे आता मी सांगतोय, ऐकायचं. बुगडीला घंटी पुरते. ती गप्प उभी राहिली तरी मला दिसते.

अन् माझं तोंड बघायचं म्हणतेस, तर दसऱ्याला ये. मी फाट्यावर येऊन थांबतो. गाडीतून उतरलीस की हाक मारू नकोस, हातही करू नकोस. नुसती चालत ये. मी लांबूनच ओळखतो.

तुझा
आबा