सेन्सर ओला ठेवला आहे

२ फेब्रुवारी, रविवार
उद्या गंधालीकडे मुलुंडला जाणारच. लेकीला आठवा महिना, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय. बोरिवलीहून एक बस, लांब काही नाही. अडचण एकच, ह्यांचा सेन्सर. समुद्राच्या पाण्यात कंपन्यांनी काय काय केमिकल सोडलंय ते मीटरवर दाखवतो. टोक सुकलं की संपला, असं हे सांगायचे. हे गेल्याला चौदा महिने झाले, एकदाही सुकू दिलेला नाही. रोज सकाळी बाटलीत फिल्टरचं ताजं पाणी.

३ फेब्रुवारी
गेले नाही. गंधाली म्हणाली, आई, बाटली घेऊन ये ना. म्हटलं, बसमध्ये हिंदकळेल, नाजूक आहे. म्हणाली, आणि मी?
हल्ली जरा तोडून बोलते.

७ फेब्रुवारी
ठरलं. ह्यांचं पाणी तपासायचं अर्धवट काम पुरं करायचं, मग मोकळी. त्यांच्या फायलीची नव्वद पानं वाचून झाली. डिक्शनरी शेजारी लागते, पण कळतं. 'देखभाल' हे प्रकरण सोडलं, ते मला येतं.

९ फेब्रुवारी, सकाळी ८
गोराई जेट्टीवरून खाडीचं पाणी आणलं. आकडा ४.२. नाल्याच्या तोंडाशी भरलेल्या बाटलीतही ४.२. खाडी सुधारली म्हणायची. महापालिकेला अभिनंदनाचं पत्र लिहायला घेतलं.

दुपारी
नीळ कालवलेल्या बादलीत बुडवला. ४.२. आमटीत, ४.२. आमटी टाकून दिली. पत्र तूर्त थांबवलं.

११ फेब्रुवारी
शेजारच्या मृणालिनीताई कॉलेजात केमिस्ट्री शिकवायच्या. बघून म्हणाल्या, अहो वहिनी, याला शुद्ध पाण्यात ठेवतात का कोणी? मिठाच्या पाण्यात ठेवायचं. रोज पाणी बदलून बदलून मारलात की त्याला.
'देखभाल' उघडलं. पहिलीच ओळ. ह्यांचं अक्षर, खाली दोन रेघा.
जेवले नाही. भूक नव्हती असं नाही.

१२ फेब्रुवारी
झालं ते बरंच झालं. आता कशात अडकलेय मी? बॅग भरली. गंधालीला फोन केला, संध्याकाळी पोचते. म्हणाली, अगं, कालच सासूबाई आल्या. तुझी वाट बघून मीच बोलावलं. आतल्या खोलीत त्या झोपतात, तुझी अडचण होईल. तू बाळ झाल्यावर ये, सावकाश.
म्हटलं, तेच बरं, इथे काम आहेच.
बाटलीत दोन चमचे मीठ घातलं. फरक पडतो का, महिनाभर तरी बघायला हवं.