पायातलं ओझं

बाबा, काल मी खराडीच्या एका दुकानात माझ्या शर्यतीच्या गाडीसाठी चाकं बघायला गेले होते. दुकानदार अठरा इंची, चकचकीत चाकं पुढे करत होता आणि मी एकेक चाक हाताने उचलून परत खाली ठेवत होते. शेवटी पंधरा इंची, काळी, दिसायला अगदीच साधी अशी चार घेतली. टायरही रुंद नकोत म्हटलं, हलके द्या. तो म्हणाला, "मॅडम, गाडीला शोभणार नाहीत." मला एकदम कोथरूडचं आपलं टायरचं दुकान आठवलं.

तो जुना दिवस अजून डोळ्यांसमोर आहे: मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या शर्यतीसाठी जुनी गाडी तयार करते आहे आणि मला मोठी, जाड चाकंच हवी आहेत. तुम्ही स्टुलावर बसलेले, पोलिओचा डावा पाय लोखंडी पट्ट्यांच्या बुटात पुढे पसरलेला. "दागिने हवे असतील तर सराफाकडे जा," म्हणता. "अगं, पाठीवर दप्तर घेऊन पळता येतं. तेच पायाला बांधून पळून दाखव. गाडीचंही तसंच असतं, चाकं म्हणजे तिचे पाय." माझे मित्र शेजारी उभे. ते हसले आणि माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "तुम्हाला काय कळतंय पळण्यातलं?"

तुम्ही पाना उचललात. "पळण्यातलं नाही कळत," एवढंच म्हणालात, "ओझ्यातलं कळतं." आणि मला हवी होती तीच चाकं स्वतः बसवून दिलीत. शर्यतीत मी शेवटून दुसरी आले. घरी आल्यावर तुम्ही विचारलंत, "जेवलीस का?" एखादा टोमणा तरी मारायला हवा होता तुम्ही, मला माफी मागणं सोपं गेलं असतं. ती राहूनच गेली. आता तुम्हाला जाऊनही अठरा वर्षं झाली.

तुमचा बूट अजून माझ्याकडे आहे. काल घरी आल्यावर पहिल्यांदाच पायात घातला, पट्टे आवळले. स्वयंपाकघरापर्यंत जाईतो मांडी भरून आली. हाच घालून तुम्ही मला शाळेत सोडायला यायचात, चालत. तुमची फार आठवण येते, बाबा. नवी चाकं तुमच्या हातात द्यायची आहेत, नुसती उचलून बघायला.

हे पत्र टाकणार कुठे, ड्रॉवरमध्येच राहील. पण एक सांगते. पैसे देताना दुकानदाराने विचारलं, "असं उचलून बघायला कोणी शिकवलं तुम्हाला?" मी म्हटलं, कॉलेजात. तुमचं नाव घेतलं असतं तर तिथेच रडले असते.